दोरीच्या खालच्या टोकाला

चढायच्या आधी दस्तगीर उस्ताद झाडाभोवती फिरतात,
एक चक्कर सुलटी, एक उलटी.
पूजा नव्हे ही.
बुंध्याशी वाकून कुत्र्याच्या छत्र्या शोधतात,
हातोडीच्या दांड्यानं खोडावर टकटक करतात
आणि कान देतात,
मंगळवार बाजारात कलिंगड घेताना देतात तसा.
झाड पोकळ बोललं
तर आम्ही चहा पिऊन परत येतो.
त्या दिवसाचे पैसे नाहीत.

मी इरेश. खालचा माणूस.
माझं काम वर बघायचं
आणि हातातली दोरी हातातच ठेवायची.
मोबाइल झोळीत. गुटखा नाही.
वर करवत चालू असताना
कुणी हाक मारली, सख्ख्या भावानं मारली,
तरी मान वळवायची नाही.

आमची आई तीस वर्षं यंत्रमागावर.
तुटलेला धागा ती एका हातानं जोडते,
बोलता बोलता, नजर शेजारच्या मागावर.
कामाच्या पहिल्या दिवशी मी तीच गाठ मारली.
उस्तादांनी दोरी ढिली सोडली, जरा हलवली,
गाठ उमलल्यासारखी सुटली.
"ही चादरीची," म्हणाले,
"माणसाची वेगळी."
मग माणसाची गाठ चाळीस वेळा,
मग डोळे बांधून,
मग बादलीत हात बुडवून, ओल्या बोटांनी.

परवा होटगी रोडला
बंद गिरणीच्या आवारातली चिंच होती.
फांद्या थेट तारांत घुसलेल्या.
वायरमन फोनवर म्हणाला, लाइन बंद केलीय, चढा.
उस्ताद पट्टा बांधून तयार होते,
ते खाली बसले.
"कागद आण. आणि आर्थिंगची साखळी टाकशील
तेव्हा मला दिसली पाहिजे."
मुकादम घड्याळ बघत राहिला.
"एवढं काय मामू, आयुष्य गेलं तुमचं झाडावर."
"गेलं नाही अजून," उस्ताद म्हणाले,
आणि डब्यातली कडक भाकरी मोडली,
शेंगाचटणी माझ्याकडे सरकवली.
ऊन भिंतीवरून उतरून पायाशी आलं.
पोरं राहिलेल्या चिंचा वेचून, चोखून, निघून गेली.
पावणेदोन तासांनी कागद आला.
फिडरचा नंबर दुसराच होता.

कुणी काही बोललं नाही.
मुकादमानं कागद उलटा करून पाहिला,
मागं काही लिहिलंय का म्हणून.

दुसऱ्या दिवशी सहाला, वारा नसताना, चढले.
हेल्मेटखाली ओला रुमाल,
कमरेला दोन दोर. कापताना कायम दोन,
एक चुकून आपल्याच करवतीनं कापला
तर दुसरा असावा म्हणून.
फांदीला आधी खालून खाच,
नाहीतर साल सोलत खोडापर्यंत येते.
"खाली?"
"मोकळं!"
मोकळं म्हणायच्या आधी मी रस्त्याकडे ओरडतो,
बाजूला व्हा, सरीरी, जरगंडी,
तिन्ही भाषांत, कारण सोलापुरात
फांदी कुणाच्या डोक्यावर पडेल सांगता येत नाही.
एक आजोबा तरी सायकल घेऊन मधूनच गेले.
मी "थांबा" ओरडलो.
वर करवत थांबली. का, असं विचारलं नाही.
थांबा म्हटलं की थांबायचं,
कारण नंतर, खाली आल्यावर, चहाबरोबर.

त्या दिवशी दोरी हातातून सोडताना
एका जागी बोट अडलं.
बाहेरून काहीच नव्हतं,
आत मात्र एक मऊ पोकळी,
उंदरानं खाल्लेल्या शेंगेसारखी.
उस्तादांनी चाचपली, माझ्याकडे पाहिलं,
आणि कोयता पुढं केला.
जुनी दोरी अख्खी टाकायची नसते.
कुणीतरी उचलतो, कुणीतरी चढतो.
मी हात-हातभर तुकडे केले.

आई चिडली.
"वाळत घालायला किती झाली असती! तुकडे कशाला केलेस?"
मी सांगितलं. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही.
सकाळी उठलो तर अंगणात
खुंटीपासून नळापर्यंत दोरी ताणलेली,
वर टॉवेल, पोलकी, उस्तादांचा ओला रुमाल.
सोळा गाठी.
सगळ्या चादरीच्या.